विकत घेतलेली टीम

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईहून मामाआजोबा यायचे, म्हणजे माझ्या आजीचे धाकटे भाऊ. राहायला दादरला. आल्या दिवशी जरा दम धरायचे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर शेव पडली की सुरू. "काय भाऊजी, तुमची विकत घेतलेली टीम काय म्हणते?"

टीम म्हणजे होळकरांची. ती बंद होऊन तेव्हा वीस-पंचवीस वर्षं झाली होती, पण आमच्या ओट्यावर रोज खेळायची.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. 1941-42 पासून 1954-55 पर्यंत रणजी ट्रॉफीत होळकर नावाचा संघ होता. 1944-45 पासून पुढच्या अकरा हंगामांत तो दहा वेळा फायनलला गेला आणि चार वेळा जिंकला. मुंबईच्या तोंडाला फेस आणणारी टीम इंदूरची होती, हे आज सांगितलं तर पोरं हसतात.

ही टीम उभी कशी राहिली? सरळ सांगायचं तर दरबाराच्या पैशानं. सी. के. नायडू नागपूरचे. 1923 मध्ये तुकोजीरावांनी त्यांना इंदूरला आणलं, फौजेत कॅप्टन केलं, पुढे ते कर्नल झाले. यशवंतराव गादीवर आल्यावर हा शौक आणखी वाढला. चंदू सरवटे सागरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, कमल भांडारकर पुण्याकडचे. अस्सल इंदूरचा म्हणावा असा मोठा माणूस एक मुश्ताक अली, आणि त्यालाही पोरवयात हेरलं नायडूंनीच.

मामाआजोबांचा मुद्दा हाच. मुंबईची पोरं मैदानावर घासून वर येतात, तुम्ही तयार माल आणता. त्यावर त्यांचा हुकमी एक्का म्हणजे मार्च 1945. ब्रेबोर्नवर फायनल, हे स्वतः चौदा-पंधरा वर्षांचे, स्टँडमध्ये बसलेले. मुंबईच्या दुसऱ्या डावात 764 धावा, त्यात विजय मर्चंटच्या 278. होळकरांना जिंकायला 867 हव्या होत्या. मुश्ताकनं दोन्ही डावांत शतक ठोकलं, आणि होळकरांकडून नाबाद 249 काढल्या कुणी, तर इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टननं! "गोरा साहेबसुद्धा आणलात विकत, तरी 374 धावांनी हरलात."

इथे आजोबा पोह्यांची बशी खाली ठेवायचे. कॉम्प्टन विकतचा नव्हता. महायुद्धाचे दिवस, तो पलटणीत होता आणि नेमणूक आमच्या शेजारच्या महूला. उलट त्याचंच नुकसान झालं. एका धनिकानं शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला बक्षीस कबूल केलं होतं, आणि मॅच संपल्यावर कॉम्प्टनला नुसती चिठ्ठी मिळाली, की शेठ तातडीच्या कामाला कलकत्त्याला गेलेत. हा किस्सा आजोबा इतका रंगवायचे, की जणू तो शेठ सराफ्यातलाच.

मग आजोबांची बॅटिंग. मार्च 1946, यशवंत क्लबचं मैदान, सेमीफायनलला समोर म्हैसूर. 8 बाद 912, एका डावात सहा शतकं. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर, प्रतापसिंह, ही नावं ते देवाच्या आरतीसारखी म्हणायचे. फायनलला बडोद्याविरुद्ध पन्नाशीच्या नायडूंनी 200 केल्या, मॅच 56 धावांनी जिंकली. आणि विकत घेणं काय एकट्या होळकरांनी केलं? सांगलीचे विजय हजारे आधी शेजारच्या देवासच्या महाराजांकडे होते, मग बडोद्याला गेले, आणि 1946-47 च्या फायनलला गुल महंमदबरोबर 577 ची भागीदारी करून आम्हालाच बुडवलं. "तुमच्या मुंबईत बँका आणि गिरण्या खेळाडूंना नोकऱ्या देतात, ते काय असतं?"

"ती नोकरी असते, भाऊजी."

"मग ही पण नोकरीच होती."

आता आयपीएलमध्ये टीमनं किती खर्च करायचा याची मर्यादा बांधलेली असते, 2025 च्या लिलावाला 120 कोटी होती. तरी लोक भांडतातच. तेव्हा तर महाराजांच्या मर्जीशिवाय मर्यादा नव्हती. त्यामुळे मामाआजोबांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. 1948 ला संस्थान मध्यभारतात विलीन झाल्यावरही होळकरांची टीम 1950-51 आणि 1952-53 ला जिंकली, हा आजोबांचा आवडता पुरावा. पण खेळत होते ते बहुतेक आधी आणलेलेच.

एकदा मात्र वाद वेगळीकडेच गेला. मामाआजोबा म्हणाले, "त्यात इंदूरचं असं काय होतं?" आजोबा एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "आपण तरी कुठले? माझे आजोबा वाईहून आले, होळकरांच्या चाकरीत. मी त्यांच्याच खजिन्यात कारकून होतो, नायडूंचा पगार निघायचा तिथूनच माझाही. मग मी पण विकतचाच. मला परत वाईला पाठवता का?"

कुणी काही बोललं नाही. आजीनं चहा आणला.

आजोबा बरोबर होते असं मला वाटतं ते याच्यासाठी, की ही आणलेली माणसं पैसा आटल्यावर गेली नाहीत. निंबाळकरांसारखे काही गेले, खरंय. पण नायडू 1967 मध्ये इंदूरलाच वारले. सरवटे 2003 मध्ये, मुश्ताक 2005 मध्ये, तेही इथेच. जगदाळ्यांच्या घरानं तर पुढच्या पिढीतही इथलं क्रिकेट सांभाळलं.

आजोबा हे सगळं पाहायला राहिले नाहीत. जून 2022 मध्ये मध्य प्रदेशनं बंगळूरला रणजी फायनल जिंकली, तीही मुंबईला हरवून. आमचा इंदूरचा रजत पाटीदार शतक मारून गेला. मी लगेच दादरला फोन लावला. मामाआजोबा ब्याण्णव वर्षांचे, ऐकायला कमी येतं, मला ओरडून सांगावं लागलं.

"जिंकलो! मुंबईला हरवून जिंकलो!"

"ऐकलं रे. कोच कोण तुमचा?"

"चंद्रकांत पंडित."

"मुंबईचाच ना? घेतलात ना शेवटी विकत!" आणि इतके हसले, की खोकला लागला.