खारेपाटांतील सहा वर्षें

अलिबागहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोयनाडच्या आसपास सपाट भातशेतांचा एक विस्तीर्ण प्रदेश लागतो. शेतांच्या कडेला मातीचा लांबच लांब बांध दिसतो आणि बांधापलीकडे धरमतरची खाडी असते. उधाणाच्या भरतीस खाडीचें पाणी शेतांच्या पातळीहून वर चढतें. त्या वेळीं शेतांत उभ्या असलेल्या मनुष्याच्या आणि समुद्राच्या मध्यें मातीच्या एका भिंतीखेरीज दुसरें कांहीं नसतें. या प्रदेशास खारेपाट म्हणतात. चरी हें गांव याच खारेपाटांतलें. १९३३ सालीं या गांवीं जो संप पुकारला गेला तो १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांचा इतका दीर्घ संप हिंदुस्थानच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

हा जिल्हा त्या काळीं कुलाबा या नांवानें ओळखला जाई. रायगड हें नांव त्यास १९८१ सालीं मिळालें. अलिबागच्या समोर समुद्रांत असलेल्या आंग्र्यांच्या किल्ल्यावरून जिल्ह्यास जुनें नांव पडलें होतें. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले आणि १८४० सालीं त्यांच्या घराण्याचें संस्थान इंग्रजांनीं खालसा केलें. जिल्ह्याच्या इतिहासाचें पुस्तक उघडावें तर बहुधा आरमाराचीच हकीकत वाचावयास मिळते. ज्या लोकांनीं समुद्राशीं गलबतांनीं नव्हे तर फावड्या-घमेल्यांनीं झुंज दिली, त्यांच्या वांट्यास फार थोडीं पानें आलीं आहेत.

खारी जमीन कसणें म्हणजे काय, हें समजल्याशिवाय या संपाचा अर्थ लागणार नाहीं. खाडीच्या कांठचा चिखल काढून त्याचा बांध घालावयाचा. त्यांत जागजागीं उघाडी, म्हणजे पाण्यास वाट देणारें दार, बसवावयाचें. ओहोटीच्या वेळीं पावसाचें पाणी उघाडींतून बाहेर जातें आणि भरती येतांच दार बंद होऊन खारें पाणी बाहेरच राहतें. असे कांहीं पावसाळे जमिनीवरून वाहून गेले म्हणजे तींतील मीठ धुऊन जातें. मग खारेंपणा सोसणारें राता जातीचें भात तेथें धरतें. पीक एकच, तें पावसाळ्यांतलें. परंतु काम मात्र वर्षभराचें. खेकड्यांनीं बांधास भोंकें पाडावीं, उधाणाच्या लाटांनीं तीं मोठीं करावीं आणि एखाद्या अमावास्येच्या रात्रीं बांधास खांड पडावी, हा येथील नित्याचा प्रकार होता. एकदां खारें पाणी शिरलें कीं तें पीक तर जाईच, पण पुढील एक-दोन हंगामहि हातचे जात. म्हणून खांड पडल्याची हांक आली कीं घरटीं एक माणूस धांवत जाई, मग बांध कोणाच्या शेताजवळचा आहे हें कोणी विचारीत नसे. या सामाईक कामाच्या प्रथेस जोळ असें नांव होतें. जुन्या महसुली व्यवस्थेंत खाऱ्या जमिनींच्या एका धारापद्धतीस शिलोत्री म्हणत. तींतहि बांधाच्या डागडुजीसाठीं सरकारी धाऱ्याव्यतिरिक्त बिघ्यामागें भाताचा ठराविक हिस्सा काढून ठेवण्याची रीत होती. बांधावांचून जमीन नाहीं, ही गोष्ट जुन्या कारभाऱ्यांनाहि ठाऊक होती.

येथें राहणारा समाज मुख्यत्वें आगरी. मिठाचें आगर आणि भाताचें शेत हे त्याचे दोन धंदे. आगरावरूनच त्याचें नांव आलें. या समाजाची एक कला विशेष उल्लेखनीय आहे. आगऱ्यांच्या लग्नांत मंगलकार्याचा मान पुष्कळ ठिकाणीं धवलारीण या स्त्रीकडे असे. हळद लावण्यापासून वधूची पाठवणी करीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला निराळा. तो गाइल्याविना विधि पुरा झाला असें मानीत नसत. हें सारें वाङ्मय कागदावर नव्हतें. एका स्त्रीनें दुसरीस मुखानें शिकवावें आणि तिनें तिसरीस, अशा रीतीनें तें चालत आलें. महानुभाव पंथांतील महदंबेनें तेराव्या शतकांत रचलेले धवळे मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक इतिहासांत मानानें उल्लेखिले जातात. त्याच नांवाची गीतें निरक्षर स्त्रियांच्या कंठांत विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिलीं, याकडे मात्र पंडितांचें लक्ष बऱ्याच उशिरां गेलें. ज्या समाजास आपलीं लग्नें लावण्यास पोथीची गरज भासली नाहीं, त्याच समाजास शेतीच्या व्यवहारांत मात्र कागदानें जखडून टाकलें होतें.

तो कागद म्हणजे कबुलायत. जमिनी खोतांच्या, सावकारांच्या आणि मोठ्या जमीनदारांच्या नांवावर. कुळानें त्या कसावयाच्या आणि पिकाचा अर्धा किंवा त्याहूनहि अधिक वांटा खंड म्हणून घालावयाचा. पीक बुडालें म्हणून खंड सुटे असें नाहीं. राहिलेला खंड कर्ज होऊन पुढील वर्षाच्या डोक्यावर बसे. वरकड बाबी निराळ्याच. वेठीचें काम होतें आणि सणावाराच्या भेटी होत्या. मालकानें मनांत आणलें तर पुढील सालीं कूळ बदलतां येई, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसली असली तरी कुळाचें नांव गांवच्या दप्तरांत आढळेलच असा नेम नव्हता. बांध घालणारे हात एकाचे आणि बांधानें राखलेली जमीन दुसऱ्याची, अशी ही स्थिति होती. सावकारांतहि सौम्य व कठोर असे दोन्ही प्रकारचे लोक होते, हें खरें. पण ज्याच्या सौम्यतेवर कुळाचें जेवण अवलंबून आहे, त्याच्या सौम्यतेचें कौतुक कुळानें किती करावें?

दक्षिणेकडे रत्नागिरी जिल्ह्यांत खोतीचें दुखणें अधिकच जुनें होतें. तेथें १८८० सालीं खोतीचा कायदा झाला; पण खोत कायम राहिला. १४ एप्रिल १९२९ रोजीं चिपळूण येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं शेतकरी परिषद भरली आणि खोतीविरुद्धचा आवाज कोंकणभर पोंचला. कुलाबा जिल्ह्यांत याआधींच दुसरी एक ठिणगी पडली होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनें पुढील वर्षीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. आणि तो कागदावरच राहिल्यामुळें २० मार्च १९२७ रोजीं हजारों लोक तळ्यावर चालून गेले. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत नगरपालिकेनें आपलाच ठराव मागें घेतला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. महाडच्या त्या कार्यांत झटलेले अनंत विनायक चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस हे पुढें शेतकऱ्यांच्या चळवळींतहि दिसतात. पाण्याचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न यांचीं माणसें पुष्कळ अंशीं तींच होतीं.

खारेपाटांतील चळवळीचे नायक नारायण नागू पाटील. ते स्वतः आगरी समाजांतले. लोक त्यांस आप्पासाहेब म्हणत. त्यांनीं आणि चित्र्यांनीं गांवोगांव सभा घेऊन कुळांस एकत्र केलें. २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं चरी येथें सभा भरली आणि संपाचा निर्णय झाला. आजूबाजूचीं सुमारें पंचवीस गांवें त्यांत सामील झालीं. मागण्यांचा गाभा असा कीं, खंड वाजवी असावा, बेकायदा वरकड बाबी बंद व्हाव्या आणि कुळाचें नांव कूळ म्हणून दप्तरीं लागावें. गिरणीकामगार संप करतो तेव्हां मालकाचीं यंत्रें बंद पडतात. शेतकऱ्यानें नांगर खालीं ठेवला तर प्रथम उपास पडतो तो त्याच्याच घरीं. हें ठाऊक असूनहि त्यांनीं जमिनी पडीत टाकल्या.

एक हंगाम गेला, दुसरा गेला. पहिल्या वर्षीं कणग्यांत थोडेंबहुत भात तरी असेल. तिसऱ्या-चौथ्या वर्षीं काय? लोकांनीं डोंगरांतून लांकडें तोडून मोळ्या बाजारांत विकल्या, खाडीची मासळी धरली, रानांतलें जें खाण्याजोगें तें खाल्लें, मिळेल तेथें मोलमजुरी केली. यांतील मोठा भार स्त्रियांच्या डोक्यावर पडला, आणि तो शब्दशः डोक्यावरच होता. खारी जमीन पडीत टाकणें हें डोंगरउतारावरील जमीन पडीत टाकण्यासारखें नव्हे, हेंहि ध्यानांत घ्यावयास हवें. न राखलेला बांध फुटतो, खारें पाणी आंत येतें आणि आजोबांनीं धुऊन गोडी केलेली जमीन नातवाच्या डोळ्यांदेखत पुन्हा खाजण होऊं लागते. मालकाचें उत्पन्न बुडविण्यासाठीं कुळांनीं आपल्याच पूर्वजांची मेहनत पणास लावली होती. संप इतका लांबला तरी गांवें फुटलीं नाहींत, याचें श्रेय पुढाऱ्यांस दिलें जातें व तें योग्यच आहे. तथापि रात्रीं हांक येतांच घरटीं एक माणूस बांधावर पाठविण्याची संवय ज्या गांवांस शतकानुशतकें होती, त्यांस एकजूट ही नव्यानें शिकावी लागली नाहीं, हेंहि त्या श्रेयांत मोजलें पाहिजे.

१९३४ सालीं डॉ. आंबेडकर चरीस आले आणि तेथील शेतकरी परिषदेचें अध्यक्षस्थान त्यांनीं स्वीकारलें. एका बाजूस आगरी कुळें आणि दुसऱ्या बाजूस अस्पृश्यवर्गाचे पुढारी, असा हा संयोग त्या काळीं सोपा नव्हता. शिवाशिव आगऱ्यांतहि होतीच. परंतु खोताच्या दारीं दोघांचेंहि स्थान पायरीखालीं, ही गोष्ट उपाशी पोटास लवकर उमगते. १९३६ च्या ऑगस्टांत आंबेडकरांनीं स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकींत त्या पक्षाच्या तिकिटावर चित्रे, टिपणीस व शामराव परुळेकर हे कोंकणांतून कायदेमंडळांत गेले. त्याच वर्षीं नारायण नागू पाटील यांनीं ‘कृषीवल’ हें वृत्तपत्र काढलें. कबुलायतीवर अंगठा उठविणाऱ्या माणसाची बाजू आतां छापून येऊं लागली.

१७ सप्टेंबर १९३७ रोजीं आंबेडकरांनीं मुंबईच्या विधानसभेंत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. जानेवारी १९३८ मध्यें कोंकणांतले हजारों शेतकरी बोटींनीं व पायीं मुंबईस येऊन विधानमंडळावर मोर्च्यानें गेले. बाळासाहेब खेर तेव्हां मुख्य प्रधान होते आणि महसूल खातें मोरारजी देसाई यांच्याकडे होतें. विधेयक मात्र पुढें सरकलें नाहीं. शेतकऱ्याचें नांव घेऊन निवडून आलेल्या मंत्रिमंडळानें याबाबतींत जें सावधपण दाखविलें, त्यास व्यवहारज्ञान म्हणावें कीं दुसरें कांहीं, याविषयीं मतभेद राहील. चरीच्या लोकांचा मतभेद नव्हता.

१९३९ सालीं सरकारच्या मध्यस्थीनें संप मिटला आणि लोक पुन्हा शेतांत उतरले. त्याच वर्षीं मुंबई प्रांताचा कूळ कायदा संमत झाला. ठराविक वर्षें जमीन कसणाऱ्यास संरक्षित कूळ मानण्याचें तत्त्व त्यांत होतें. दप्तरांत नांव लागावें हा आग्रह चरीच्या शेतकऱ्यांनीं कां धरला होता तें आतां इतरांच्याहि ध्यानीं आलें. हा कायदा सर्वत्र लागू होण्यास कांहीं वर्षें गेलीं. पुढें १९४८ चा अधिक व्यापक कूळ कायदा आला, १९४९ सालीं खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ रोजीं कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्याचा दिवस उजाडला. चरीच्या पहिल्या सभेपासून त्या दिवसापर्यंत साडेतेवीस वर्षें लोटलीं होतीं. संपाच्या काळांत जे वृद्ध होते त्यांपैकीं बहुतेकांनीं तो दिवस पाहिला नाहीं. नारायण नागू पाटील यांनीं पाहिला. ते १९६८ सालीं वारले.

जमीन कुळाची झाली, तशी बांधाचीहि व्यवस्था बदलली. १९४८ सालीं खारजमिनींसाठीं निराळा कायदा झाला आणि बांधांचें काम हळूहळू सरकारी खात्याकडे गेलें. त्यानें दगडी पिचिंग आलें, पक्क्या उघाड्या आल्या. मात्र खांड पडल्यावर फावडें घेऊन धांवण्याऐवजीं अर्ज घेऊन कचेरींत जाण्याची रीत पडली आणि जोळ मोडत गेली. धवलारणीहि थोड्या उरल्या. खाडीच्या पलीकडील अंगास, पेण तालुक्यांत, २००८ च्या सप्टेंबर महिन्यांत खारेपाटाच्या या जमिनींचा प्रश्न पुन्हा एकदां उभा राहिला. विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमीन द्यावी कीं नाहीं, याविषयीं हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांतील बावीस गांवांच्या शेतकऱ्यांचें सरकारनें मत घेतलें. मत देण्यास आलेल्यांजवळ सातबाराचे उतारे होते, आणि त्यांवर त्यांचीं स्वतःचीं नांवें होतीं.