आंधळी मशाल

सप्टेंबर १८७६ मध्ये बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने ब्रुसेल्स येथे भूगोलवेत्त्यांची परिषद भरविली. मध्य आफ्रिकेतील जनसमूहांना वेढून राहिलेला अंधार भेदणे हे आपले कार्य होय, अशा आशयाचे भाषण त्याने तेथे केले. १८८५ साली काँगोचे अफाट खोरे त्याच्या खाजगी सत्तेखाली गेले. जोसेफ कॉन्रॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ (१८९९) ही लघुकादंबरी वाचताना ते भाषण ध्यानात ठेवावे.

कॉन्रॅड १८९० साली बोटीवरील नोकरीसाठी काँगोत गेला होता. त्याच्या कादंबरीत मार्लोला एक तैलचित्र दिसते : हाती पेटती मशाल घेतलेली स्त्री, पण तिच्या डोळ्यांवर पट्टी. भोवती काळोख, आणि मशालीच्या उजेडात तिचा चेहरा अमंगळ भासतो. राजाच्या भाषणाचे याहून नेमके उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

मला मात्र अधिक अस्वस्थ करतो तो कंपनीचा मुख्य हिशेबनीस. पांढरीशुभ्र विजार, खळ घातलेली कॉलर, वह्या बिनचूक. त्याच्या उंबऱ्यापासून काही पावलांवर, झाडांच्या सावलीत, राबून झिजलेले मजूर मरत पडलेले आहेत. आजाऱ्याच्या कण्हण्याने आकडेमोडीत चूक होते, ही त्याची तक्रार! शासकीय सेवेत जन्म घालविलेल्या माणसाला हे पान सहज उलटता येत नाही. येथे शुभ्रता ही उजेडाची खूण राहत नाही. ज्या हस्तिदंतासाठी हा सारा खटाटोप, तोही पांढराच.

या प्रतीकयोजनेत एक उणीव आहेच. आफ्रिकेतील माणसे कादंबरीत बहुतेक सावल्यांसारखीच वावरतात, त्यांना वाणी नाही. चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात यावर कठोर टीका केली, आणि ती मला मान्य आहे.

ती वाणी वेगळ्याच ठिकाणी उमटली. मटाडी येथे १८९० साली कॉन्रॅडला भेटलेला रॉजर केसमेंट पुढे ब्रिटिश वकील म्हणून काँगोत नेमला गेला. गावोगाव फिरून त्याने लोकांच्या साक्षी नोंदविल्या. त्याचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९०८ साली लिओपोल्डला काँगो बेल्जमच्या सरकारकडे सोपवावा लागला. अहवाल छापताना परराष्ट्र खात्याने साक्षीदारांची व गावांची नावे मात्र गाळली आणि त्यांच्या जागी नुसती अक्षरे घातली.