एका मतात बांधलेले तीन प्रश्न : गोव्यातील भाषावाद आणि मतदारांचे ध्रुवीकरण

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. त्याच वर्षी मार्चअखेरीस झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्यांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे विलीनीकरण हेच ज्याचे अवतारकार्य होते त्या पक्षाला, पुन्हा सत्तेवर बसवले. दोन्ही वेळचे मतदार तेच आणि मधला काळ जेमतेम अडीच महिन्यांचा. गोव्याच्या राजकीय इतिहासात ही घटना बहुधा मतदारांच्या चंचलतेचा किंवा चातुर्याचा दाखला म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात तिच्यातून ध्रुवीकरणाच्या राजकारणाची घडण उलगडते. समाजाला दुभंगणारा एखादा प्रश्न पुढे करून मते गोळा करताना त्या प्रश्नाच्या पोटात इतर अनेक प्रश्न बांधले जातात आणि मतदारापुढे त्या साऱ्या गाठोड्यासाठी एकच ‘हो’ किंवा ‘नाही’ ठेवले जाते. गोव्यात हे गाठोडे भाषेच्या वस्त्रात बांधले गेले. म्हणूनच राज्यशास्त्राइतकाच साहित्याच्या अभ्यासकांनीही त्याचा विचार करणे आवश्यक ठरते.

१. वादाची पूर्वपीठिका

मराठी आणि कोंकणी यांचे गोव्यातील सहअस्तित्व मुक्तीपूर्वी कित्येक शतकांचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स या एकाच धर्मोपदेशकाने ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) मराठीत रचले आणि ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी कोंकणीत लिहिली. ही प्रश्नोत्तरी त्याच्या निधनानंतर, १६२२ मध्ये छापली गेली. पुराणाची भाषा एक आणि घरगुती शिकवणुकीची दुसरी, अशी ही कार्यविभागणी होती. तिच्यात विसंगती आहे असे त्या काळी कोणास वाटले नाही. पुढे १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेचा वापर सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम सुटला. सोळाव्या शतकात जिंकलेल्या तिसवाडी, बार्देस, सासष्टी या ‘जुन्या काबिजादी’त हे दडपण दीर्घकाळ राहिले. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा आदी ‘नव्या काबिजादी’ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आल्या, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. तेथे देवळातले कीर्तन, भजन, पोथी आणि दशावतार यांतून मराठी टिकून राहिली. बहुसंख्य हिंदू गोमंतकीयांचे बोलणे कोंकणीत आणि वाचणे-लिहिणे मराठीत, तर ख्रिस्ती समाजाचे बोलणे कोंकणीत आणि लेखन पोर्तुगीजमध्ये किंवा रोमी लिपीतील कोंकणीत, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली.

विसाव्या शतकात या स्थितीला वादाचे रूप आले. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने कोंकणीला मराठीच्या बोलींत स्थान दिले होते. अ. का. प्रियोळकरांनी हीच भूमिका हिरीरीने मांडली. दुसरीकडे शणै गोंयबाब (वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर) यांनी कोंकणीच्या स्वतंत्र अस्मितेचा पाया घातला आणि सु. मं. कत्रे यांच्या १९४२ च्या ग्रंथाने तिच्या स्वतंत्र घडणीला भाषाशास्त्रीय आधार दिला. ‘भाषा की बोली’ हा तोवर विद्वानांचा प्रश्न होता. त्याला मतपेटीची वाट १९६१ नंतर सापडली.

२. गाठोडे कसे बांधले गेले

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. तीस जागांपैकी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने पुरस्कृत अपक्षांसह सोळा, तर डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पार्टीने बारा जागा मिळवल्या. अखिल भारतीय काँग्रेसला मूळ गोव्यात एकही जागा मिळाली नाही. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई सांगणाऱ्या पक्षाला बाजूला सारून दोन नव्या पक्षांनी अवघा प्रदेश वाटून घेतला. या वाटणीची रेषा विलीनीकरणाच्या प्रश्नावर आखलेली होती.

विलीनीकरणाच्या बाजूला भाषेचे प्रेम होते, पण त्याहून खोल एक सामाजिक आकांक्षा होती. कूळ आणि मुंडकार म्हणून भाटकाराच्या जमिनीवर राबणाऱ्या बहुजन समाजाला भाटकारशाही मोडायची होती. महाराष्ट्रातील कूळकायदा आणि तेथील बहुजनांचे राजकीय वर्चस्व त्याला जवळचे वाटत होते. पक्षाचे नेते दयानंद बांदोडकर स्वतः धनाढ्य खाणमालक असले तरी बहुजन समाजातले होते. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. देवळाच्या पायरीवर ऐकलेली भाषा पाटीवर गिरवायला मिळणे हा त्या पिढीसाठी सामाजिक मुक्तीचाच अनुभव होता. ‘मराठी’ या शब्दात अशा रीतीने जमीन, जात आणि शिक्षण हे तिन्ही अर्थ सामावले.

विरोधी बाजूच्या ‘कोंकणी’तही असेच अनेक अर्थ होते. विशाल हिंदुबहुल राज्यात अल्पसंख्य होण्याची ख्रिस्ती समाजाची भीती, सारस्वतांमधील एका गटाची आपले स्थान राखण्याची धडपड, महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयीची नाराजी आणि महाराष्ट्रातील दारूबंदी आपल्याकडे आली तर रेंदेरांच्या पोटावर पाय येईल ही चिंता, हे सारे तिच्या आश्रयाला आले. दोन्ही पक्षांच्या प्रचारात या विविध हितसंबंधांची फोड होण्याऐवजी त्यांची बेरीज होत गेली. कुळाला जमीन हवी असेल तर त्याने विलीनीकरण मागावे आणि चर्चला जाणाऱ्याला निर्भय राहायचे असेल तर त्याने ते नाकारावे, असा हिशेब दृढ झाला. एखाद्या कुळाला जमीन हवी आणि गोव्याचे वेगळेपणही हवे, ही शक्यता १९६३ च्या मतपत्रिकेत कोठेच व्यक्त होऊ शकत नव्हती.

३. गाठ सुटते तेव्हा

या शक्यतेला वाट मिळाली ती जनमत कौलाने. विधानसभेतील बहुमत म्हणजेच विलीनीकरणाला संमती, हा महाराष्ट्रवाद्यांचा दावा होता. हा प्रश्न निवडणुकीच्या निकालावर न सोडता स्वतंत्रपणे लोकांपुढे ठेवावा, यासाठी काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत अथक प्रयत्न केले. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासंबंधीचा कायदा केला आणि निःपक्षपाती मतदानासाठी बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झाले. मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित प्रदेशासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती.

प्रचारात साहित्य आणि पत्रकारिता आघाडीवर होती. ‘गोमंतक’ दैनिकाने विलीनीकरणाची बाजू लढवली, तर चंद्रकांत केणी यांच्या संपादनाखालील ‘राष्ट्रमत’ने विरोधाची. ‘राष्ट्रमत’मधील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विशेष गाजले. मनोहरराय सरदेसाय यांची गीते आणि उल्हास बुयांव यांचा आवाज यांनी कोंकणीचा प्रश्न सभामंडपातून वाड्यावाड्यांत नेला. यातील एक गोष्ट अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक होते. कोंकणीच्या अस्तित्वासाठीचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद हिंदू वाचकापर्यंत मराठीतूनच पोहोचला. वापराची भाषा आणि अस्मितेची भाषा एकच असते, या गृहीतावर दोन्ही पक्षांचे राजकारण उभे होते. त्या गृहीताला ‘राष्ट्रमत’चे प्रत्येक पान छेद देत होते.

सुमारे ८२ टक्के मतदान झाले. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१, तर विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता. गोव्याच्या लोकसंख्येत त्या वेळी हिंदूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक होते. ख्रिस्ती मते एकगठ्ठा विरोधात गेली असे धरले, तरी हिंदू मतदारांच्या लक्षणीय पाठिंब्याविना वैध मतांच्या ५५ टक्क्यांपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. नव्या काबिजादीतील पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा हे तालुके विलीनीकरणामागे राहिले आणि सासष्टी प्रचंड बहुमताने विरोधात गेली. म्हणजे ध्रुवीकरणाची रेषा पुसली गेली नव्हती. तरीही ती ओलांडणारे मतदार निकाल फिरवण्याइतके निघाले. मार्चमध्ये मगो पक्ष पुन्हा सोळा जागांसह सत्तेवर आला, तो याच मतदारांपैकी अनेकांच्या बळावर. भाटकाराविरुद्धचे राज्य त्यांना हवे होते, पण त्याची किंमत म्हणून गोव्याचे वेगळेपण देण्याची त्यांची तयारी नव्हती. प्रश्न सुटे करून विचारल्याबरोबर उत्तरेही सुटी आली.

४. पुन्हा तीच गाठ

ही फोड टिकली नाही. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि राजभाषेचा प्रश्न अटळ झाला. शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत, १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनीचे मालक मानले गेले आणि मगो पक्षाच्या मूळ सामाजिक कार्यक्रमातील मोठा भाग पूर्ण झाला. १९७९ मध्ये पक्षाची सत्ता गेली. भूमिप्रश्नाची धार बोथट झाल्यावर उरली ती भाषा. १९८५ ते १९८७ या काळातील आंदोलनात ती पूर्वीपेक्षा अधिक कडवट स्वरूपात रस्त्यावर आली आणि डिसेंबर १९८६ मधील हिंसाचारात माणसांचे बळी गेले.

४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झालेल्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीला शासकीय वापरात स्थान देण्यात आले. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाला आणि १९९२ मध्ये कोंकणी आठव्या अनुसूचीत गेली. मात्र ज्या ख्रिस्ती समाजाच्या मतांवर आणि मोर्चांवर कोंकणीचा लढा मोठ्या प्रमाणात उभा होता, त्याच्या तियात्रांची, कादंऱ्यांची आणि नियतकालिकांची रोमी लिपी कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली. बहुजन मराठीवादीही असमाधानी राहिले. गठ्ठा म्हणून मोजले गेलेले लोक फळाच्या वाटणीत पुन्हा सुटे झाले.

पंजाबचा दाखला येथे तुलनेसाठी उद्बोधक ठरतो. तेथे १९५१ आणि १९६१ च्या जनगणनांत पंजाबी बोलणाऱ्या अनेक हिंदूंनी मातृभाषा म्हणून हिंदीची नोंद केली. भाषेचा रकाना धर्माच्या उत्तराने भरला गेला आणि १९६६ मध्ये राज्याची फाळणी झाली. गोव्याइतका स्वतंत्र व सुटा कौल देण्याची संधी तेथील मतदारांना मिळाली नाही.

५. समारोप

२०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय गोवा शासनाने घेतला. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या भारतीय भाषा सुरक्षा मंचावर शशिकला काकोडकर आणि उदय भेंब्रे एकत्र आले. एकेकाळी मराठी व कोंकणी या परस्परविरोधी छावण्यांचे प्रतिनिधित्व करणारी ही दोन नावे होती. अनुदानाचा लाभ मुख्यतः चर्चच्या शाळांना होणार असल्याने समोरच्या बाजूला ख्रिस्ती पालकांचा मोठा वर्ग होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कोंकणीच्या नावाने आखलेली रेषा आता इंग्रजीच्या नावाने आखली गेली. भाषा बदलली, रेषा बव्हंशी तीच राहिली. यावरून एवढे स्पष्ट होते की त्या रेषेचे मूळ भाषेत नव्हते. भाषा हे तिचे उपलब्ध साधन होते.

या इतिहासात साहित्याच्या अभ्यासाची जबाबदारीही गुंतलेली आहे. स्टीफन्सची दोन पुस्तके, प्रियोळकरांची विद्वत्ता, कत्र्यांचे भाषाशास्त्र ही सारी सामग्री दोन्ही छावण्यांनी दारूगोळ्यासारखी वापरली आणि या ओढाताणीत दोन भाषांत सहज वावरणारा लेखक-वाचक दुर्लक्षित राहिला. बा. भ. बोरकरांसारखा कवी दोन्ही भाषांत तितक्याच अधिकाराने लिहितो, याची नोंद घेण्यास कोणत्याही एका भाषेच्या वाङ्मयेतिहासाची चौकट अपुरी पडते. मतपत्रिकेला एका उत्तराची गरज असते, वाङ्मयेतिहासाला ती नसते. १९६७ च्या मतदाराने अडीच महिन्यांत दोन भिन्न उत्तरे देऊन जे विवेकाने वेगळे केले, ते वेगळे ठेवून वाचणे हे गोमंतकीय साहित्याच्या तौलनिक अभ्यासापुढील काम आहे.