किल्लेबांधणी स्पर्धा व त्यांचे प्रायोजकत्व (अहिल्यानगर जिल्हा)

दिवाळीत मुलांनी दगडमातीचे किल्ले रचण्याच्या प्रथेतून वाढलेल्या स्पर्धा आणि त्यांना पतसंस्था, सहकारी बँका, वृत्तपत्रे, व्यापारी पेढ्या व कंपन्या यांच्याकडून मिळणारे पाठबळ. प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविण्याचा छंद महाराष्ट्रात सर्वाधिक प्रमाणात याच रूपाने जोपासला जातो. अहिल्यानगर (2024 पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात भुईकोट आणि सह्याद्रीतील गिरिदुर्ग असे दोन्ही प्रकारचे किल्ले असल्याने येथील स्पर्धांना विषयांची वाण पडत नाही.

स्वरूप. सहामाही परीक्षा संपली की बांधणीला सुरुवात होते आणि वसुबारसेपर्यंत किल्ला उभा राहतो. जागा म्हणजे अंगण, वाड्याचा चौक, गल्लीचे टोक किंवा सोसायटीचे वाहनतळ. विटा व दगड रचून सांगाडा करतात, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरतात आणि वर चाळलेली माती लिंपतात. माती ओली असतानाच बोटांनी किंवा करणीने दाबून कड्यांच्या खाचा पाडतात. हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरतात. ती चार-पाच दिवसांत उगवत असल्याने पेरणीचा दिवस मोजून ठरवावा लागतो. जिल्ह्याच्या मोठ्या भागातील काळी माती वाळताना आकसते व तिला भेगा पडतात, म्हणून तिच्यात मुरूम, वाळू किंवा राख मिसळतात. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील तांबूस मातीला हा त्रास कमी. मावळे, तोफा व सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज यांच्या मूर्ती कुंभारांकडून किंवा दिवाळीच्या बाजारातून आणतात.

इतिहास. या प्रथेचा संबंध शिवकालाशी जोडणारी लोकसमजूत रूढ आहे. मात्र तिच्या आरंभकाळाबद्दल एकमत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुर्गभ्रमणाची आवड वाढली. गो. नी. दांडेकर यांच्या लेखनाचा त्यात मोठा वाटा आहे. प्रत्यक्ष पाहिलेला गड अंगणात उभा करण्याची ओढ त्या आवडीतून बळावली आणि कल्पनेतल्या किल्ल्याशेजारी ‘प्रतिकृती’ हा वेगळा स्पर्धा-विभाग आला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले (महाराष्ट्रातील 11 आणि तमिळनाडूतील जिंजी). त्याच वर्षीच्या दिवाळीत राज्य शासनाच्या ‘अमृत’ संस्थेने दुर्गोत्सव भरवून घरोघरी या किल्ल्यांच्या प्रतिकृती करण्याचे आवाहन केले. या 12 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील एकही किल्ला नाही. त्यामुळे स्थानिक स्पर्धांनी विषय तेवढ्यापुरताच ठेवला, तर तालुक्यातला गड मुलांच्या हातून घडायचा राहतो.

जिल्ह्यातील किल्ले व त्यांच्या प्रतिकृती. *अहमदनगरचा भुईकोट.* हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकाच्या मध्यास दगडी तट बांधून पक्का केलेला, जवळजवळ वर्तुळाकार किल्ला. 1595-96 मध्ये चांदबिबीने मोगलांविरुद्ध तो लढवला. ऑगस्ट 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने तो मराठ्यांकडून घेतला. ऑगस्ट 1942 पासून काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य येथे स्थानबद्ध होते आणि जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथेच लिहिले. तटाचा घेर सुमारे 1.7 किमी., उंची सुमारे 18 मी. आणि भोवतालचा खंदक सुमारे 30 मी. रुंद आहे. बुरुजांची संख्या काही नोंदींत 22, तर काहींत 24 अशी आढळते. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने मुलांना आत मोजमापे घेता येत नाहीत. मात्र उपग्रहचित्रात त्याचे वर्तुळ स्पष्ट दिसते आणि त्यावरून आराखडा काढता येतो. 1:500 या प्रमाणात या किल्ल्याचा व्यास सुमारे 1.08 मी., खंदक 6 सेंमी. व तट 3.6 सेंमी. भरतो, म्हणजे प्रतिकृती अंगणात सहज मावते. सपाट जागेवरील हा किल्ला नवशिक्यांना सोपा वाटतो. पण वर्तुळावर बुरुज सारख्या अंतराने बसवणे आणि खंदकाचा काठ न ढासळू देणे ही दोन्ही कामे कसोटीची आहेत.

*हरिश्चंद्रगड* (अकोले तालुका). उंची सुमारे 1,424 मी. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, चारांपैकी एकच खांब शाबूत असलेले केदारेश्वराचे लेणे आणि आतल्या बाजूला वळलेला, नालाच्या आकाराचा कोकणकडा ही त्याची ओळख. कोकणकडा ही या जिल्ह्यातील प्रतिकृतिकारांची सर्वांत अवघड परीक्षा होय. मातीचा उभा उतार स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि अंतर्वक्र कडा तर आधाराशिवाय उभाच राहत नाही. त्यासाठी आत तारेच्या जाळीचा किंवा बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर मातीचे पातळ थर एकेक वाळवत चढवावे लागतात. घाईने एकाच दिवसात लिंपलेला कडा दुसऱ्या दिवशी सुटून येतो.

*रतनगड* (सुमारे 1,297 मी., भंडारदरा परिसर). माथ्यावरील आरपार नैसर्गिक भोकामुळे, म्हणजेच नेढ्यामुळे, तो दुरूनही ओळखू येतो. नेढे मोठे केले की डोंगराचा आकार हरवतो आणि प्रमाणात ठेवले तर ते लांबून दिसत नाही. अनेक जण ते थोडे वाढवतात. तसे केल्यास फलकावर नोंद करणे योग्य.

*पट्टा किंवा विश्रामगड.* 1679 मध्ये जालन्याच्या मोहिमेनंतर शिवाजी महाराजांनी येथे विश्रांती घेतली, त्यावरून हे नाव. *पेडगावचा बहादूरगड* (श्रीगोंदे तालुका, अलीकडे धर्मवीरगड). भीमेकाठचा हा भुईकोट पाणी उपसण्याच्या हत्तीमोटेसाठी प्रसिद्ध आहे. 1689 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून येथे आणले होते. *खर्डा* (जामखेड तालुका). निंबाळकरांचा भुईकोट. मार्च 1795 मधील मराठे-निजाम लढाईमुळे ज्ञात. *अलंग, मदन, कुलंग* हे नाशिक सीमेवरील त्रिकूट प्रतिकृतींत क्वचित दिसते.

प्रमाण व नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशांवर समोच्चरेषांमधील उभे अंतर 20 मी. असते. प्रतिकृतीसाठी 1:2,000 प्रमाण घेतल्यास हे अंतर बरोबर 1 सेंमी. होते. प्रत्येक समोच्चरेषा वाढवून जाड पुठ्ठ्यावर कापायची, 1 सेंमी. जाडीचे थर एकावर एक ठेवायचे आणि पायऱ्या मातीने भरून काढायच्या. 2 किमी. रुंदीचा डोंगर अशा रीतीने 1 मी. जागेत येतो आणि कोणती धार कुठे उतरते, वाट कोणत्या खिंडीतून चढते, हे हातांनाच कळते. भूगोलाच्या पुस्तकातील समोच्चरेषा समजावण्याची याहून चांगली रीत नाही.

बाजारात मिळणारे 5 ते 6 सेंमी. उंचीचे मावळे हे प्रमाण मोडतात. 1:500 प्रतिकृतीत माणूस साडेतीन मिमी.पेक्षा उंच असू नये. त्या हिशेबाने बाजारचा मावळा 25 ते 30 मी. उंच, म्हणजे तटापेक्षाही उंच ठरतो. मूर्ती श्रद्धेच्या आहेत, त्या हव्यातच. त्यांच्यासाठी पायथ्याशी वेगळा चौथरा केल्यास पूजेची जागाही राहते आणि प्रमाणही सांभाळले जाते.

प्रायोजकत्व. स्थानिक स्पर्धांचे आयोजक बहुधा गणेश मंडळे, शाळा, दुर्गप्रेमी गट किंवा लोकप्रतिनिधी असतात. प्रायोजक म्हणून पतसंस्था, सहकारी बँका, सराफ, बांधकाम व्यावसायिक, खासगी शिकवण्या आणि वृत्तपत्रे पुढे येतात. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून (पहिला गळीत हंगाम 1950-51) सहकाराचा वारसा असलेल्या या जिल्ह्यात सहकारी संस्था गावपातळीवर सर्वांत जवळच्या आहेत. नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहतींमुळे मोठ्या कंपन्याही हाकेच्या अंतरावर आहेत. मदतीचे रूप बहुतेक ठिकाणी सारखेच असते: रोख बक्षिसे, सन्मानचिन्हे, प्रमाणपत्रे, फलक आणि बक्षीस समारंभाचा खर्च.

कायद्याच्या दृष्टीने हा खर्च दोन वेगळ्या खात्यांत पडतो. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 प्रमाणे निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक दायित्वावर खर्च करावे लागतात. सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे संरक्षण आणि पारंपरिक कला व हस्तकला यांचा विकास हे विषय आहेत. तथापि, केंद्र शासनाच्या जून 2014 च्या परिपत्रकाने मॅरेथॉन, पारितोषिके, जाहिराती यांसारखे एकवेळचे कार्यक्रम या खर्चातून वगळले. जानेवारी 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांनी उत्पादनाच्या वा सेवेच्या विपणनासाठी दिलेले प्रायोजकत्वही वगळले. म्हणून कंपनीच्या नावाचा फलक लावून भरवलेली एका दिवाळीची स्पर्धा ही जाहिरात ठरते. शाळांमधून वर्षभर चालणारी दुर्गअभ्यास व प्रतिकृती कार्यशाळा मात्र वारसा व कला या विषयांत बसू शकते. याला करांचीही बाजू आहे: 2014 च्या वित्त कायद्यापासून सामाजिक दायित्वाचा खर्च व्यवसायखर्च म्हणून वजा होत नाही, जाहिरातीचा होतो. त्यामुळे कंपन्यांचा कल एकवेळच्या स्पर्धेकडे राहणे स्वाभाविक आहे.

छंदाच्या वाढीच्या दृष्टीने बक्षिसाची रक्कम ही सर्वांत कमी महत्त्वाची बाब होय. मुलांना कमतरता भासते ती आराखड्याची. एका तालुक्याच्या सर्व शाळांना जवळच्या गडाचा मोजलेला नकाशा, चारी बाजूंची छायाचित्रे आणि गडावर जाऊन येण्याची एक सहल मिळाली, तर त्याचा परिणाम मोठ्या रकमेच्या पहिल्या बक्षिसापेक्षा खोल असतो. बक्षीस एका घरात जाते, नकाशा प्रत्येक वर्गात पोचतो.

परीक्षण. परीक्षक धनत्रयोदशी ते भाऊबीज या दिवसांत फिरून गुण देतात. भव्यता, सजावट व रोषणाई यांना गुण जास्त मिळाले की मोठ्या मंडळांचे, खर्चिक किल्ले पुढे जातात. प्रतिकृती विभागात मूळ किल्ल्याशी साधर्म्य, प्रमाण, दरवाजे-टाकी-वाटा यांच्या जागा, साहित्याची निवड आणि मुलांनी दिलेली माहिती यांना स्वतंत्र गुण असावेत. पालकांनी किंवा व्यावसायिक कारागिरांनी केलेल्या कामाबद्दल अनेक ठिकाणी वाद होतात. बांधणाऱ्या मुलालाच प्रश्न विचारणे हा त्यावरचा साधा उपाय रूढ आहे.

परदेशातील तुलनीय उदाहरण. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने 1930 ते 1968 या काळात मुलांसाठी प्रतिकृती-स्पर्धा चालवली. आरंभी नेपोलियनच्या घोडागाडीची प्रतिकृती करायची असे. पुढे मुलांनी स्वतः कल्पिलेल्या मोटारीच्या प्रतिकृतींना स्थान मिळाले. कंपनी स्पर्धकांना तपशीलवार आराखडे व सूचना पुरवी आणि बक्षीस म्हणून शिष्यवृत्त्या देई. 1947 चे एक विजेते चक जॉर्डन पुढे त्याच कंपनीच्या अभिकल्प विभागाचे प्रमुख झाले. प्रायोजकाने बक्षिसाच्या आधी ज्ञान पुरवले, म्हणून ही स्पर्धा जवळजवळ चार दशके टिकली. जपानमध्ये तामिया या संचनिर्मात्या कंपनीने 1988 मध्ये छोट्या मोटारींच्या शर्यतींचा ‘जपान कप’ सुरू केला. तेथे प्रायोजकाचा माल आणि छंदाचे साधन एकच आहे. मातीच्या किल्ल्याला विकत घेण्याचा संच लागत नाही. त्यामुळे येथील प्रायोजकाला छंदातून थेट विक्री होत नाही, पण गरिबातल्या गरीब मुलालाही भाग घेता येतो.

रणगाड्यांच्या प्रतिकृती. किल्ल्यांच्या तुलनेत प्लास्टिक संचांपासून प्रतिकृती करण्याचा छंद जिल्ह्यात मर्यादित आहे. त्यासाठी लागणारी अस्सल सामग्री मात्र येथे आहे. 1994 मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात दोन्ही महायुद्धांच्या काळापासूनची चिलखती वाहने मांडली आहेत. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत परमवीरचक्र विजेते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यात लढले, तो ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. रूढ 1:35 प्रमाणात सेंच्युरियनचा सांगाडा सुमारे 22 सेंमी. लांब होतो.

पर्यावरण. राज्य शासनाच्या मार्च 2018 च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, ती किल्ल्यांच्या सजावटीलाही लागू होते.

जतन. तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक किल्ले मोडले जातात आणि माती बागेत परत जाते. प्रथेचा हा भाग आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्याबरोबर मुलांनी काढलेला आराखडा, ठरवलेले प्रमाण व जोडलेली माहितीही नाहीशी होते आणि पुढच्या वर्षी दुसरे मूल पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. विजेत्या प्रतिकृतींचे आराखडे, मोजमापे व छायाचित्रे एकत्र छापून शाळांच्या ग्रंथालयांत ठेवणे, हे कोणत्याही पतसंस्थेला किंवा कंपनीला एका समारंभाच्या खर्चात शक्य असलेले काम आहे.