स्थिर-बिंदू अंकगणित (चित्ररूप आज्ञावलीतील)

अपूर्णांकातील बिंदूची जागा आधीच ठरवून, संख्या पूर्णांकासारखी साठवण्याची व तिच्यावर क्रिया करण्याची पद्धत. प्रचारातले नाव फिक्स्ड-पॉइंट. चौकटी तारांनी जोडून आज्ञावली रचण्याच्या लॅबव्ह्यू, सिम्युलिंक यांसारख्या प्रणालींत ती विशेषतः एफपीजीए (आतील मंडल हवे तसे जोडता येणाऱ्या) चिपसाठी वापरतात. चल-बिंदू (फ्लोटिंग-पॉइंट) गणितापेक्षा तिला चिपवर जागा कमी लागते.

चिपला या बिंदूचा पत्ताही नसतो. तो रचना करणाऱ्याने गृहीत धरलेला असतो. गडहिंग्लजच्या पेठेत १९५७ पर्यंत चाललेला रुपये-आण्यांचा हिशेब याच जातीचा. आणा रुपयाचा सोळावा आणि जुना पैसा चौसष्टावा भाग, म्हणजे द्विमान पद्धतीत बिंदूनंतरची अनुक्रमे चार व सहा घरे. पाव रुपया त्यात नेमका बसे, दहावा भाग बसत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यावर अडचण उलटली: एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, धरले जात सहाच. संगणकातही बिंदूनंतर ८ बिट ठेवले, तर ०.१ ऐवजी २६/२५६, म्हणजे ०.१०१५६२५ साठते.

लॅबव्ह्यूमध्ये एकूण बिट आणि पूर्णांकाचे बिट सांगावे लागतात; एफपीजीएसाठीच्या सिस्टम जनरेटरमध्ये एकूण बिट आणि बिंदूनंतरचे बिट. एकीकडची रचना दुसरीकडे नेताना घोळ होतो तो इथेच. चिन्हासह १६ बिट, त्यांत पूर्णांकाला ४, अशी संख्या −८ पासून ८ च्या किंचित अलीकडेपर्यंत जाते, पायरी १/४०९६. तेवढ्याच बिटांत ७ आणि २ यांची बेरीज बसवायची, तर गुंडाळणीच्या (मर्यादेपलीकडे दुसऱ्या टोकापासून मोजण्याच्या) पर्यायात उत्तर −७ येते, मर्यादा-बंधनाच्या (टोकावरच थांबण्याच्या) पर्यायात सुमारे ७.९९९८. दुसरे उत्तरही चूकच, पण सोसण्याजोगे. त्याची किंमत म्हणजे चिपवरचे जादा मंडल. गुणाकारात दोन्ही संख्यांच्या बिटांची बेरीज होते. पडद्यावरची तार मात्र तेवढीच बारीक दिसते. चित्ररूप आज्ञावलीची खरी फसगत हीच.

पुणे जिल्ह्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या अद्ययावत अंकीय यंत्रणेत व्हर्टेक्स-५ एफपीजीए असलेले ‘रोच’ फलक वापरले गेले. या फलकांसाठी कॅस्पर या आंतरराष्ट्रीय गटाची साधने सिम्युलिंकवर चालतात. त्यांच्या फूरिये रूपांतराच्या चौकटीत १८ बिटांची रुंदी रूढ आहे, कारण व्हर्टेक्स-५ मधील तयार गुणक २५ × १८ बिटांचे आहेत. रूपांतराच्या टप्प्यांवर संख्या फुगत जाते, म्हणून कोणत्या टप्प्याला निम्मे करायचे ते आधी ठरवतात. फार वेळा निम्मे केले तर आकाशातला क्षीण संकेत खालच्या बिटांतून गळून जातो. कमी वेळा केले तर मोबाइल मनोऱ्यासारखा जवळचा प्रबळ स्रोत मर्यादा ओलांडतो. जीएमआरटीच्या या यंत्रणेत मात्र एफपीजीए संकेतांचे अंकीकरण व पाकिटबंदी सांभाळतो; फूरिये रूपांतर आणि सहसंबंध ग्राफिक्स प्रोसेसरवर चल-बिंदू गणिताने काढतात.