दिसणे आणि वेगळे दिसणे

रात्री दूरच्या सडकेवरून येणाऱ्या मोटारीचे दोन दिवे आपणांस प्रथम एकच दिसतात. मोटार जवळ आली म्हणजे एकाचे दोन होतात. दिवे मुळात दोनच होते. त्यांना अलग करण्याची आपल्या डोळ्यांची शक्ती तेवढी अपुरी पडत होती. शास्त्रज्ञ हिला विभेदनशक्ती म्हणतात. वस्तू मोठी करून दाखविणे निराळे आणि तिच्यातील दोन जवळचे बिंदू अलग करून दाखविणे निराळे. या दुसऱ्या शक्तीची उणीव संशोधनाच्या निष्कर्षांना कशी नडते, हे मेंदूच्या अभ्यासाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

१८७३ साली जर्मनीतील येना येथे अर्न्स्ट आबे याने दाखवून दिले की, भिंगे कितीही निर्दोष घडविली तरी प्रकाशाने पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला एक सीमा आहेच. ती प्रकाशलहरींच्या लांबीवर अवलंबून असते आणि सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग, इतकी येते. त्याहून जवळचे दोन बिंदू एकमेकांत मिसळूनच दिसावयाचे.

योगायोग असा की, त्याच वर्षी इटलीत कामिल्लो गोल्जी याने सिल्व्हर नायट्रेटच्या साह्याने मेंदूतील पेशी रंगविण्याची रीत प्रसिद्ध केली. असंख्य पेशींपैकी मोजक्याच पेशी शाखांसकट काळ्याभोर उमटत. त्या चित्रांवरून गोल्जीने ठरविले की, मज्जातंतू एकमेकांत विणले जाऊन एक अखंड जाळे बनते. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल याने १८८७ साली ही रीत पाहिली, ती सुधारली, आणि पुढच्याच वर्षापासून तो नेमके उलट सांगू लागला. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे. तिच्या शाखा शेजारणीजवळ जाऊन थांबतात, तिच्यात मिसळत नाहीत.

१९०६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले आणि गोल्जीने आपल्या व्याख्यानात काहालच्या सिद्धान्ताचेच खंडन आरंभले! रीत एक, यंत्र एक, निष्कर्ष मात्र परस्परविरोधी. असे का व्हावे? दोन पेशींमधील ती फट साधारण २० नॅनोमीटरची, म्हणजे आबेच्या सीमेच्या एकदशांश आहे. ती गोल्जीला दिसली नाही, तशी काहाललाही दिसली नाही. मात्र काहालने एक शहाणपण केले. प्रौढ मेंदूतील दाट गुंता सोडून त्याने गर्भावस्थेतील व नवजात प्राण्यांचे मेंदू अभ्यासले. तेथे शाखा विरळ असल्याने त्यांची टोके शोधता येत. भिंगाची शक्ती वाढविणे हाती नव्हते. पाहण्याचा विषय बदलणे हाती होते.

१९३१ साली बर्लिनमध्ये मॅक्स क्नोल व अर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणारे यंत्र उभारले. अतिपातळ काप घेण्याची कला साधल्यावर १९५० नंतरच्या दशकात पॅले, पलाडी, दे रोबर्तिस आदींच्या चित्रांत ती फट प्रत्यक्ष उमटली. तोवर गोल्जी व काहाल दोघेही निवर्तले होते. पुढे काही ठिकाणी पेशी अतिसूक्ष्म मार्गांनी थेट जोडलेल्याही आढळल्या. तेव्हा गोल्जीची कल्पना सर्वस्वी टाकाऊ नव्हती, एवढे त्याच्या पदरात टाकले पाहिजे.

हा केवळ पंडितांचा वाद होता, असे कोणी समजू नये. नैराश्यावरील आजची अनेक औषधे याच फटीतील रासायनिक द्रव्यांच्या प्रमाणावर परिणाम घडवितात. अखंड जाळ्याच्या चित्रात अशा उपचाराला जागाच उरली नसती.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या हाती कधी ना कधी क्ष-किरणांचे चित्र येते. त्यात दोष दिसला नाही म्हणजे त्या चित्राला दाखविता येण्याजोगा दोष नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून चाणाक्ष वैद्य चित्राबरोबर रोग्याची तक्रारही ऐकतो आणि शंका राहिल्यास निराळी तपासणी सुचवितो. चित्राची सीमा कोठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या चित्राचा खरा उपयोग करता येतो.