मर्लिनचा मोहपाश
एडवर्ड बर्न-जोन्स (१८३३-१८९८) या ब्रिटिश चित्रकाराचे गाजलेले तैलचित्र. आर्थर राजाच्या दंतकथांतील वृद्ध जादूगार मर्लिन निमुएवर लुब्ध होतो आणि त्याच्याकडूनच शिकलेल्या मंत्राने ती त्याला ब्रोसेलिआंदच्या अरण्यात कायमचे जखडते. एरवी अशा कथाचित्रांत काळोखी वृक्षराजी भय निर्माण करते. येथे सापळा आहे तो शुभ्र फुलांनी डवरलेल्या हॉथॉर्नच्या काटेरी झुडपाचा. त्यात मर्लिन गलितगात्र पडला आहे. मंत्रग्रंथ हाती धरलेली निमुए मागे वळून त्याच्याकडे पाहते. त्या नजरेत विजयापेक्षा खिन्नताच अधिक. तिचा चेहरा मारिया झांबाको यांचा. विवाहित बर्न-जोन्स यांचे त्यांच्याशी असलेले प्रेमप्रकरण १८६९ मध्ये चव्हाट्यावर आले होते. १८७७ मध्ये लंडनच्या ग्रॉव्हनर गॅलरीच्या पहिल्याच प्रदर्शनात झळकलेले हे चित्र आता इंग्लंडमधील पोर्ट सनलाइटच्या लेडी लिव्हर कलादालनात आहे.